पेन्शनरांची मंडळी : दापोलीपासून चंद्रपूरपर्यंत

आपल्याकडे निवृत्त माणसांच्या मंडळाकडे फारशा आदराने पाहिले जात नाही. सकाळचे फिरणे, विहाराच्या ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचणे, नोव्हेंबर महिन्यात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत रांग लावणे, वर्षातून एकदा सहल काढणे आणि पंचाहत्तरी झालेल्या सभासदाला शाल-श्रीफळ देणे, एवढेच या मंडळांचे काम असते असा तरुण कार्यकर्त्यांचा समज आहे. चळवळ ही तरुणांनी करावयाची गोष्ट आणि पेन्शनर हा चळवळीतून वजा झालेला माणूस, असे समीकरण आपण नकळत मांडून ठेवले आहे. मीही बरीच वर्षे असेच मानीत होतो.

इतिहास मात्र याच्या उलट साक्ष देतो. महाराष्ट्रातील अस्पृश्यांच्या संघटित लढ्याचा अगदी आरंभ शोधू लागलो तर आपण एका पेन्शनरांच्या मंडळीपाशी येऊन पोहोचतो. ती रत्नागिरी जिल्ह्यात दापोली येथे १८९० च्या सुमारास उभी राहिली. नाव होते 'अनार्य दोष परिहारक मंडळी'. तिचे प्रमुख होते लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर. ही मंडळी का निर्माण झाली, पेन्शनरांमध्येच का निर्माण झाली आणि तिचे आजच्या आपल्या परिस्थितीशी काय नाते आहे, हे समजावून घेणे हा या लेखाचा हेतू आहे. मी चंद्रपूरचा. आमच्या भागाला लष्करी परंपरा नाही. तरीही दापोलीच्या त्या मंडळीचा विचार मला आमच्या वॉर्डातल्या ओट्यावर बसूनच करावासा वाटला. त्याचे कारण पुढे येईल.

१

प्रथम पेन्शनर म्हणजे कोण, हे त्या काळाच्या संदर्भात पाहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकातील गावचा महार गावावर अवलंबून होता. वतनाचा जमिनीचा तुकडा, बलुत्याचे धान्य, मेलेल्या जनावराचे कातडे, सणावारी मागून आणलेली भाकरी हे त्याच्या जगण्याचे आधार होते. यातील प्रत्येक आधार गावाच्या हातात होता. गावाविरुद्ध तोंड उघडणे म्हणजे दुसऱ्या दिवशी चूल बंद पडणे. अन्यायाची जाणीव त्याला नव्हती असे म्हणणे खोटे ठरेल. ती बोलून दाखविण्याची किंमत त्याला परवडणारी नव्हती.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात महार, चांभार आणि इतर अस्पृश्य जातींची माणसे मोठ्या संख्येने भरती झाली. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत ती होती आणि तेथील स्तंभावर त्यांची नावे कोरलेली आहेत. या माणसांच्या आयुष्यात चार गोष्टी अशा घडल्या की ज्या गावच्या महाराच्या आयुष्यात घडणे शक्य नव्हते.

पहिली गोष्ट पैशाची. शिपाई निवृत्त झाला की त्याला दरमहा सरकारी तिजोरीतून रोख रक्कम मिळे. ती पाटलाच्या खळ्यावरून येत नव्हती. रक्कम लहान होती, परंतु ती गावाला बंद करता येत नव्हती. दुसरी गोष्ट अक्षराची. लष्करात शिपायांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी शाळा होत्या. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे स्वतः लष्करी शाळेत शिक्षक होते. बाहेर ज्या जातीला शाळेच्या पायरीवर चढू देत नव्हते, त्याच जातीचा माणूस छावणीत मास्तर म्हणून उभा राहत होता. तिसरी गोष्ट अनुभवाची. ज्याने मुलुख पाहिला आणि हुद्द्याप्रमाणे सलाम घेतला, त्याला गावात परतल्यावर सावली आवरून चालणे जड जात होते. चौथी गोष्ट वेळेची. पोटासाठी दिवसभर राबणाऱ्या माणसाजवळ सभा भरविण्यास आणि अर्ज लिहिण्यास सवड नसते. पेन्शनराजवळ ती होती.

पैसा, अक्षर, अनुभव आणि वेळ ही चार साधने एकाच ठिकाणी एकत्र आली, ती पेन्शनरांच्या वस्तीत. दापोलीला इंग्रजांची छावणी होती. छावणी उठली तरी 'कॅम्प दापोली' हे नाव लोकांच्या तोंडी राहिले आणि निवृत्त शिपायांची कुटुंबे त्या परिसरात राहत आली. म्हणून मंडळी दापोलीला निर्माण झाली, यात योगायोग नाही.

२

गोपाळबाबा वलंगकर मूळचे महाडजवळच्या रावढळचे. १८८६ साली ते लष्करातून निवृत्त झाले. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचारांचा त्यांच्यावर खोल संस्कार होता. 'दीनबंधु' पत्रातून त्यांनी लिहिले. १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका लिहून त्यांनी अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार सांगणाऱ्यांना प्रश्न विचारले. विटाळ जन्माने कसा येतो, याचे उत्तर द्या, असा त्या प्रश्नांचा रोख होता. कीर्तनाच्या आणि सभेच्या मार्गाने ते वस्त्यावस्त्यांतून बोलत राहिले.

त्यांच्या मंडळीच्या नावातच तिची भूमिका आहे. 'अनार्य' हा शब्द फुल्यांच्या विचारातून आलेला आहे. आम्ही या देशाचे मूळचे लोक, बाहेरून आलेल्यांनी आम्हाला जिंकून खाली ढकलले, अशी ती मांडणी. 'दोष परिहार' म्हणजे आपल्यावर लादलेला दोष दूर करणे. दोष आपल्यात नाही, तो लादलेला आहे, ही जाणीव त्या काळी नावात आणणे ही साधी गोष्ट नव्हती.

या पेन्शनरांनी हाती घेतलेला पहिला प्रश्न मुलांच्या शाळेचा होता. आपण छावणीच्या शाळेत शिकलो, मग आपल्या मुलांना दापोलीच्या शाळेत प्रवेश का नाही, असे त्यांनी सरकारला अर्जाने विचारले. सरकारी पैशाने चालणारी शाळा सर्वांना खुली, हे सरकारचे तत्त्व कागदावर होते. १८५६ साली धारवाडला एका महार मुलाला सरकारी शाळेत प्रवेश नाकारला गेला, त्या प्रकरणानंतर या तत्त्वाची चर्चा वरिष्ठ पातळीपर्यंत झालेली होती. परंतु कागदावरचे तत्त्व आणि वर्गातली सतरंजी यांच्यामध्ये गाव उभे होते. शेवटी तडजोड म्हणून मुलांना व्हरांड्यात बसविण्यात आले. व्हरांडा हा विजय नव्हता. तो पूर्ण पराभवही नव्हता. निदान अक्षर कानावर पडू लागले. आपल्या पिढ्यांच्या शिक्षणाचा इतिहास लिहावयाचा झाला तर तो वर्गाऐवजी व्हरांड्यापासून सुरू करावा लागेल.

१८९५ साली गोपाळबाबांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली. तेव्हा सवर्ण सभासदांनी त्यांच्याबरोबर बसण्यास हरकत घेतली. मुलांना वर्गात जागा नाही आणि आजोबांना बोर्डात जागा नाही, असा तो काळ होता.

३

या मंडळीचे सर्वांत महत्त्वाचे काम मात्र दुसरेच आहे. १८९२-९३ च्या सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. काही जाती जन्मतः लढवय्या आणि काही नाहीत, असा सिद्धांत त्या वेळच्या लष्करी अधिकाऱ्यांनी उचलून धरला होता. मनूने सांगितलेली गोष्ट इंग्रजाने शास्त्राच्या भाषेत पुन्हा सांगितली, एवढाच त्यात फरक.

भरती बंद झाल्याने स्वतः पेन्शनरांचे काय नुकसान होणार होते? वैयक्तिक दृष्टीने पाहिले तर काहीच नाही. त्यांची पेन्शन चालू होती, ती बंद होणार नव्हती. 'आपले झाले' असे म्हणून ते स्वस्थ बसू शकले असते. परंतु त्यांनी १८९४ साली लष्करी अधिकाऱ्यांसाठी अर्ज तयार केला आणि आमच्या मुलांची भरती पुन्हा सुरू करा, अशी मागणी मांडली. त्यांना हे उमगले होते की भरती बंद होणे म्हणजे केवळ काही नोकऱ्या जाणे नव्हे. पगार गेला की शाळा गेली, शाळा गेली की अर्ज लिहिणारा हात गेला आणि वीस वर्षांनी पेन्शनर नावाचा माणूसच वस्तीत उरणार नाही. मग गावाला न भिता बोलणार कोण?

या अर्जाच्या मर्यादाही आपण लपविता कामा नयेत. आम्ही मूळचे क्षत्रिय आहोत, असा युक्तिवाद त्यात आहे. मंडळीचे नाव 'अनार्य' आणि अर्जात दावा क्षत्रियत्वाचा, ही विसंगती उघड आहे. सरकारशी राखलेल्या इमानाचा दाखला देऊन दया मागण्याचा सूरही आहे. ज्या दारावर थाप मारावयाची त्या दाराला समजेल अशी भाषा वापरणे, ही अर्जदाराची लाचारी असते. स्त्रिया या मंडळीच्या कामात कोठे दिसत नाहीत, हेही नोंदविले पाहिजे. परंतु इतिहासातील माणसाला आपल्या आजच्या उंचीवरून मोजण्यापेक्षा तो कोणत्या खड्ड्यातून वर आला हे पाहणे अधिक न्याय्य ठरेल.

अर्जाला तात्काळ यश आले नाही. गोपाळबाबा १९०० साली वारले. तीच मागणी पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी उचलली आणि १९१० साली थेट भारतमंत्र्यांपर्यंत अर्ज पाठविला. पहिल्या महायुद्धात सरकारला माणसांची गरज पडली तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभारण्यात आली. गरज सरताच १९२१ साली ती मोडली. कायमची महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावला उभी राहिली. म्हणजे १८९४ च्या अर्जाचे उत्तर यावयास सत्तेचाळीस वर्षे लागली.

परंतु अर्जाचे उत्तर हेच चळवळीचे एकमेव फळ नसते. रामजी सुभेदार निवृत्तीनंतर काही काळ दापोलीला येऊन राहिले होते. पेन्शनरांच्या घरातल्या मुलांच्या कानावर पडणारी अर्जाची, शाळेची आणि अपमानाची चर्चा वाया गेली नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब बोलले, तेव्हा लष्करभरती बंद झाल्याने समाजाचे किती नुकसान झाले, हा विषय त्यांनी आवर्जून घेतला. त्या चळवळीत शिस्त राखण्यासाठी उभ्या राहिलेल्यांमध्ये निवृत्त लष्करी माणसे होती. चवदार तळ्याकडे निघालेल्या रांगेत पेन्शनरांची पावले होती, हे आपण तरुणांनी विसरू नये.

४

आता आमच्या भागाकडे वळतो. चंद्रपूर-गडचिरोलीचा मुलुख पूर्वीच्या मध्यप्रांतातला. मुंबई लष्कराचा हा भरतीचा प्रदेश नव्हता. येथला आमचा माणूस जाडेभरडे कापड विणीत होता, गावची कोतवाली करीत होता, दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत चिखल तुडवीत होता. दापोलीला पलटणीने जे केले ते आमच्याकडे उशिरा आणि वेगळ्या मार्गाने झाले. ते कोळशाच्या खाणीने, बल्लारपूरच्या कागद गिरणीने, रेल्वेने, जंगल खात्याने, जिल्हा परिषदेच्या शाळेने आणि पुढे दुर्गापूरच्या औष्णिक वीज केंद्राने केले.

त्याच्या मुळाशी दोन गोष्टी आहेत. एक, राज्यघटनेने दिलेले नोकऱ्यांतील आरक्षण. दुसरी, १६ ऑक्टोबर १९५६. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी बाबासाहेबांनी चंद्रपूरला येऊन धम्मदीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्यासारखा नेता या मातीत घडला आणि राज्यसभेचा उपाध्यक्ष झाला. दीक्षेने माणसाला ताठ केले, नोकरीने त्याला ताठ राहण्यापुरता पैसा दिला. १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. ठेकेदाराच्या मुकादमापुढे हात जोडणारा खाण कामगार सरकारी कंपनीचा कामगार झाला. माझे वडील त्यातलेच एक. त्यांच्या पगारावर मी शिकलो आणि आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो.

आता ती पिढी निवृत्त झाली आहे. आमच्या विहाराच्या ओट्यावर सकाळी जी मंडळी जमते तिच्यात शाळामास्तर आहेत, खाणीतले टिंबरमन आहेत, कागद गिरणीतले कामगार आहेत, एक निवृत्त वनरक्षक आहेत. मी कॉलेजात शिकवितो म्हणून ते आपले कागद माझ्याकडे आणतात. "सर, हा कागद पाहून द्या जी, काय म्हणते तो," असे म्हणून पिशवीतून घडी उलगडतात. ते कागद वाचता वाचता माझ्या लक्षात आले की एका ओट्यावर बसलेल्या या माणसांची पेन्शन एक नाही.

मास्तरांना सरकारी नियमांची पेन्शन आहे. महागाई वाढली की तीही वाढते. खाण कामगाराला १९९८ च्या कोळसा खाण पेन्शन योजनेची रक्कम मिळते. तिला महागाई भत्ता जोडलेला नाही. निवृत्त होताना जो आकडा ठरला तो ठरला. कागद गिरणीच्या कामगाराला १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना लागू आहे. तिचा हिशेब सोपा आणि निर्दय आहे: पेन्शनपात्र वेतनाला नोकरीच्या वर्षांनी गुणावयाचे आणि सत्तरने भागावयाचे. वेतनाची कमाल मर्यादा बरीच वर्षे ६५०० रुपये होती. सप्टेंबर २०१४ पासून ती १५००० झाली. ६५०० च्या मर्यादेत पंचवीस वर्षे राबलेल्या माणसाचा हिशेब केला तर महिन्याला सुमारे २३२१ रुपये येतात. त्याच २०१४ साली या योजनेची किमान पेन्शन १००० रुपये ठरविण्यात आली. हजार रुपयांत महिना कसा काढावयाचा, हे ठरविणाऱ्यांनी एकदा काढून दाखवावे.

आणि ओट्याच्या पायरीवर, थोडे बाजूला, आणखी एक जण बसतो. तो ठेकेदाराच्या हाताखाली आयुष्यभर राबला. त्याच्या पिशवीत कागदच नाही.

५

पेन्शन ही मेहेरबानी की हक्क, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने आपल्या देशात निकालात निघालेला आहे. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नकारा खटल्यात स्पष्ट केले की पेन्शन ही मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेली बक्षिसी नव्हे; ती केलेल्या सेवेतून आलेला हक्क आहे. केवळ निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांमध्ये भेद करणे हे समतेच्या तत्त्वाला धरून नाही, असे न्यायालयाने म्हटले. म्हणूनच १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो. १८९४ चा अर्जदार इमानाचा दाखला देऊन मागत होता. १९८२ नंतरचा पेन्शनर घटनेचे कलम सांगून मागू शकतो. या दोन भाषांमधले अंतर म्हणजे बाबासाहेबांनी आपल्यासाठी तोडलेले अंतर आहे.

तरीही एक दार हळूहळू लोटले जात आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सरकारच्या सेवेत आलेल्यांना जुन्या नियमांची पेन्शन थांबविण्यात आली. मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचाऱ्यांनी त्यासाठी संप केला. पुढे काही सवलती आल्या, नव्या योजना जाहीर झाल्या. परंतु त्याहून मोठा प्रश्न असा की कायम नोकरीच आटत चालली आहे. खाणीत, वीज केंद्रात, शाळा-कॉलेजांत कायम जागेवर कंत्राटी माणूस येतो. कंत्राटात आरक्षणाची काटेकोर अंमलबजावणी होत नाही आणि कंत्राटाच्या शेवटी पेन्शन नसते. माझे वडील सातवी शिकलेले. त्यांना पेन्शन आहे. मी पदव्युत्तर शिकलेला; तासिका तत्त्वावर वर्षे काढून कायम झालो, पण त्यांच्या मास्तर मित्राला मिळते तशी पेन्शन मला नाही. माझ्या विद्यार्थ्यांना तर कायम नोकरीच दिसत नाही.

दापोलीचा विचार मला आमच्या ओट्यावर का सुचला, त्याचे कारण हे आहे. १८९२ साली भरती एका हुकुमाने बंद झाली, म्हणून ती डोळ्यांना दिसली. आज ती कोणत्याही एका हुकुमाने बंद झालेली नाही. ती जागोजागी थोडी थोडी बंद होत आहे, म्हणून दिसत नाही. परिणाम मात्र तोच होईल. आणखी वीस-पंचवीस वर्षांनी आमच्या वस्तीत गावाला, ठेकेदाराला आणि पुढाऱ्याला न भिता बोलू शकणारा, स्वतःचा पैसा आणि स्वतःचा वेळ असलेला माणूस किती उरेल?

एकदा मी ओट्यावरच्या मंडळींना गोपाळबाबांची हकीकत सांगितली. सर्वांनी ऐकून घेतली. एक जुने खाण कामगार म्हणाले, "आमची तर चालू आहे जी. पण पोरायचं काय?" हाच प्रश्न १८९४ च्या अर्जात आहे.

त्यानंतर आमच्याकडे फार मोठे काही घडले असे मी सांगणार नाही. सहलीचा खर्च एका वर्षी कमी करून विहारात मुलांसाठी अभ्यासाची खोली सुरू झाली. मास्तर मंडळी आठवड्यातून दोन दिवस इतरांचे कागद पाहतात. विधवांच्या कुटुंब निवृत्तिवेतनाची प्रकरणे आधी घ्यावयाची, असे ठरले आणि त्यासाठी प्रथमच चार स्त्रिया ओट्यावर येऊन बसल्या. त्यांतल्या दोघींना आपल्याला काही मिळू शकते हेच माहीत नव्हते. पायरीवर बाजूला बसणाऱ्या त्या कंत्राटी कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी कापला गेला होता की नाही, याची विचारणा करणारा अर्ज लिहिला. उत्तर आलेले नाही.

निवृत्तांच्या मंडळांनी सहली काढू नयेत, सत्कार करू नयेत, असे माझे म्हणणे नाही. ज्या पिढीने आयुष्यभर अंधारात कोळसा फोडला तिला उजेडात बसण्याचा अधिकार आहे. माझे म्हणणे एवढेच की ज्यांच्याजवळ पैसा, अक्षर, अनुभव आणि वेळ आहे, ती माणसे आज आपल्या समाजात प्रामुख्याने पेन्शनरांच्या मंडळात आहेत, आणि तरुण कार्यकर्त्यांनी त्यांना चळवळीबाहेर काढून ठेवले आहे. आपापल्या गावच्या मंडळात जाऊन बसा. त्यांचे कागद वाचा, आणि आपला प्रश्न त्यांच्यापुढे मांडा. दापोलीच्या पेन्शनरांनी लिहिलेला अर्ज त्यांच्या स्वतःसाठी नव्हता. आमच्या ओट्यावरून गेलेल्या अर्जाचे उत्तर येईपर्यंत आम्ही दुसरा लिहीत आहोत.